क्लेमची वही

(वकिलाकडच्या एका जुन्या कारकुनाच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी वकिली सुरू केली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. साताऱ्याला आमच्या सरांचं ऑफिस होतं आणि कामं बहुतेक मोटार अपघातांची. पुणे-बंगळूर रस्ता जवळून जातो, वर खंबाटकीचा घाट, त्यामुळे दुर्दैवाने ही कामं कधी कमी पडली नाहीत. एका दुपारी पंचविशीतला एक मुलगा कुबड्या टेकत आला. नडगीत बाहेरून सळया घातलेल्या. टेंपो चालवायचा. सर कोर्टात होते, म्हणून तो माझ्यासमोर बसला आणि आवाज खाली आणून त्याने विचारलं, "मॅडम, मी बरा झालो तर पैसे कमी मिळतील का?"

मी कायदा ताजा ताजा वाचलेला. म्हटलं, हो. कायमचं अपंगत्व कमी ठरलं तर पुढच्या कमाईच्या नुकसानीची रक्कम कमी होते. उत्तर कायद्याने बरोबर होतं. तो मान हलवून उठला. महिन्याभराने कळलं की त्याने व्यायामासाठी दवाखान्यात जाणं सोडून दिलंय. कळलं ते आमच्या ऑफिसातले कारकून अण्णा यांना, कारण दवाखान्याच्या नव्या पावत्या का येत नाहीत हे विचारायला त्यांनीच फोन केला होता. त्याच संध्याकाळी सायकल काढून ते त्याच्या घरी गेले. काय बोलले ते मला त्या मुलाने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. अण्णा म्हणाले होते, "तू आधी बरा हो. टेंपो तुला आयुष्यभर पैसे देईल. कोर्ट एकदाच देतं."

त्या दिवशी माझ्या बरोबर उत्तराने एका माणसाचा पाय वाया जायची वेळ आली होती. आज अण्णांच्या स्मृतीत मला बोलायचंय ते त्या प्रश्नाबद्दल, आणि असे प्रश्न ज्यांच्या टेबलापाशी येतात त्या माणसांबद्दल. वकिलांच्या ऑफिसातले कारकून, टायपिस्ट, नवशिके ज्युनियर. न्यायनिर्णयात यांचं नाव छापलं जात नाही.

नुकसानभरपाईचा दावा जखमी माणसाकडे दोन उलट गोष्टी मागतो. डॉक्टर सांगतात, विसर, उठ, चालायला लाग. दावा सांगतो, आठव, मोज, दाखव. ज्या रात्री अपघात झाला ती रात्र पोलिसांना सांगायची, मग डॉक्टरांना, मग वकिलाला, मग शपथपत्रात, मग उलटतपासात. आणि हे सगळं आठवड्यात संपत नाही, वर्षं जातात. या दोन ओढींच्या मध्ये माणूस फाटतो. त्याला फाटू न देणं हे कुठल्या कलमात लिहिलेलं काम नाही. अण्णा ते चाळीसहून अधिक वर्षं करत होते.

अण्णा मॅट्रिक. वकालतनाम्याला तिकीट लावणं, सकाळी बोर्ड बघून कुठलं काम कितवं ते सांगणं, नक्कल विभागात अर्ज टाकून नकला काढणं, बेलिफाच्या मागे लागून नोटिसा बजावून घेणं, हे त्यांचं रोजचं काम. याखेरीज त्यांच्याकडे एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तशी. एका क्लेमला एक पान. वर नाव, खाली अपघाताची जागा, पोलीस ठाणं, गुन्हा नंबर, दवाखाना. आणि सगळ्यांत खाली तीन फोन नंबर. एक स्वतःचा किंवा शेजाऱ्याचा पीपी नंबर, एक माहेरचा किंवा भावाचा, आणि एक गावातल्या दुकानाचा किंवा पिठाच्या गिरणीचा. मी विचारलं होतं, तीन कशाला? ते म्हणाले, "ताई, नवरा गेला की सहा महिन्यांत बाईचा पत्ता बदलतो."

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १६६ खाली जखमी माणूस किंवा मृताचे वारस न्यायाधिकरणात अर्ज करतात. समोर गाडीचा मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी. निष्काळजीपणा सिद्ध करायचा, नुकसान सिद्ध करायचं, विमा होता हे दाखवायचं. त्यासाठी लागणारे कागद म्हणजे फिर्याद, स्थळपंचनामा, दोषारोपपत्र, आमच्याकडे पोलीस देतात तो कॉम्प एए फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं, गाडीची आणि लायसन्सची कागदपत्रं, आणि मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल. २०२२ पासून नियम असा आहे की पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल द्यायचा, जखमीला त्याचे हक्क लेखी कळवायचे आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल थेट न्यायाधिकरणाला पाठवायचा. नियम फार चांगला आहे. तो सगळीकडे सारखा पाळला गेला तर आमच्या कारकुनांच्या अर्ध्या खेपा वाचतील.

आणि एप्रिल २०२२ पासूनच दावा लावायला सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली. १९९४ साली संसदेने मुदतच काढून टाकली होती. ती परत आणण्यामागचं कारण मला आजही पटलेलं नाही आणि तिच्या वैधतेला आव्हानही दिलं गेलं आहे. सहा महिने म्हणजे काय? ज्याच्या मांडीचं हाड मोडलंय आणि दोनदा शस्त्रक्रिया झालीय, त्याचे पहिले सहा महिने खाटेवरच जातात. घरातलं कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद साठवत असतं, बस्स.

त्या पिशवीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. पिशवी टेबलावर रिकामी होते तेव्हा तिच्यात बिलं असतात, गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात, एसटीची तिकिटं असतात, गणपतीचा फोटो असतो, एकदा तर मुलाच्या शाळेचं प्रगतिपुस्तक निघालं होतं. नवा माणूस लगेच उपयोगाचे आणि बिनउपयोगाचे असे दोन ढीग करतो. अण्णा ढीग करायचे नाहीत. एकेक कागद हातात घेऊन विचारायचे, हा कधीचा? त्या दिवशी कोण बरोबर होतं? डब्याचं काय करत होता? तिकिटं कुणाची? मग त्या तिकिटांतून निघायचं की बायको रोज गावाहून येत होती, म्हणजे तिची मजुरी बुडत होती, म्हणजे शुश्रूषेचा खर्च आणि प्रवासखर्च हे दोन मुद्दे अर्जात आले. आणखी एक गोष्ट त्यांनी सगळ्या ज्युनियरांना शिकवली. हल्ली औषधाच्या दुकानातली पावती त्या गुळगुळीत कागदावर निघते, तिची अक्षरं वर्षा-दीड वर्षात उडून जातात. पुरावा नोंदवायची वेळ येते तेव्हा हातात कोरा कागद. म्हणून पावती आली की त्याच दिवशी झेरॉक्स, आणि झेरॉक्सला मूळ पावती टाचायची. माझ्या माहितीत एका ऑफिसात हे न केल्याने एका माणसाच्या औषधाच्या खर्चाचा मोठा भाग सिद्धच करता आला नाही. कायदा त्याच्या बाजूने होता, फक्त शाई टिकली नाही.

पुरावा गोळा करताना विचारायची रीत महत्त्वाची असते. एका बाईंच्या कमरेला मार लागलेला. नवरा बरोबर आला होता. अर्जात व्यवसाय काय लिहायचा असं मी विचारलं तर तोच म्हणाला, "ती काही करत नाही, घरीच असते." बाई खाली बघत होत्या. अण्णांनी नवऱ्याला चहा सांगायला पाठवलं आणि बाईंना विचारलं, "ताई, उठता किती वाजता?" पाच वाजता. मग? मग पाणी. मग? गोठा, दूध, चूल, दोन मुलांचे डबे, सासूबाईंना अंघोळ, नंतर भांगलायला दुसऱ्याच्या रानात, संध्याकाळी परत तेच. "आणि आता यातलं काय होतं?" बाईंनी पुष्कळ वेळाने सांगितलं, "बसून भाजी निवडते." अण्णांनी हे सगळं पानावर वेळेसकट लिहिलं. नवरा चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी तो कागद त्याला वाचायला दिला. त्याने वाचला. त्यानंतर प्रत्येक तारखेला तो बायकोबरोबर आला.

सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचं मोल धरायला हवं हे आधीही सांगितलं होतं. १९८९ मध्ये जमशेदपूरला लागलेल्या आगीच्या प्रकरणात, २००१ साली, ते आलं आहे. पण जानेवारी २०२१ मधल्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी ते फार स्पष्ट लिहिलं. त्यांनी २०१९ च्या वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीचा आधार घेतला. तीत बाया घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. तो निकाल वाचताना मला अण्णांचं ते पान आठवलं. निकाल न्यायमूर्ती देतात, पण "उठता किती वाजता" हा प्रश्न आधी कुणीतरी विचारावा लागतो. तो विचारला नाही तर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचाही त्या बाईंना उपयोग नाही.

आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, वर ऊस, रात्रीची वाहतूक, मागे दिवा नाही. या अपघातांची कामं मी फार केली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे. एका जोडप्यातल्या बाईचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. विमा कंपनीचं म्हणणं, अर्जदाराचं उत्पन्न सिद्ध नाही, तिच्या नावावर पगाराचा एकही कागद नाही. खरंच नव्हता. उचलीचा करार नवऱ्याच्या अंगठ्याचा. आमच्या एका ज्युनियरने मुकादमाला शोधून काढलं, दोन खेपा घातल्या आणि साक्षीला आणलं. त्याने साक्षीत सांगितलं की आता हा अर्धा कोयता झाला, अर्ध्या कोयत्याला पूर्ण उचल कोण देणार? म्हणजे बाईच्या पायाबरोबर नवऱ्याची कमाईही गेली होती.

अपंगत्वाच्या दाखल्यावर एक टक्का लिहिलेला असतो. अवयवाचं अपंगत्व आणि कमाईच्या ताकदीचं नुकसान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार निकालात समजावून सांगितलं. त्यातलं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं. डावा हात गेला, आणि माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपलीच. तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. टक्का तोच, आयुष्य वेगळं. हे आयुष्य काय होतं ते कोर्टापर्यंत नेणारा माणूस म्हणजे ऑफिसातला तो ज्युनियर, ज्याने मुकादमासाठी दोन खेपा घातल्या.

त्या ऊसतोड कुटुंबाबद्दल आणखी एक सांगायला हवं. अपघात आमच्या हद्दीत झालेला, म्हणून दावा साताऱ्यात लावता आला असता. सरांची तशी तयारीही होती. अण्णांनी मध्येच विचारलं, "हंगाम संपला की ही माणसं गावी जाणार. तारखेला इकडे येणार कशी? पाय नसलेल्या बाईला घेऊन एसटीने?" कलम १६६ मध्येच आहे की अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. अण्णांनी सगळी कागदपत्रं लावून, अनुक्रमणिका करून, फाईल बांधून त्यांच्या हातात दिली आणि बीडला एका ओळखीच्या वकिलांकडे पाठवलं. मुकादमाला मात्र तिकडे साक्षीला न्यायची जबाबदारी आमच्या ऑफिसने घेतली. काम आमच्या हातून गेलं. सर एक शब्द बोलले नाहीत. मी सरांकडून पुष्कळ शिकले, पण त्या दिवसाच्या त्या गप्प बसण्याचा माझ्या मनातला मान सगळ्यांत मोठा आहे.

आता एक कठीण भाग. कोर्टात आम्ही सहज बोलतो, "सरला वर्मा लावा." तरुण मित्रांना वाटत असेल हे एखाद्या तक्त्याचं नाव आहे. तक्ता आहेच तो, वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं ते सांगणारा. वय १५ ते २५ ला गुणक १८, ३६ ते ४० ला १५, असा उतरत जाणारा. पण आधी ते एका विधवेचं नाव आहे. तिचा नवरा शास्त्रज्ञ होता, वय ३८, तीन लहान मुलं, घरात त्याचे आईवडील आणि आजोबासुद्धा. बसचा अपघात एप्रिल १९८८ मधला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २००९ चा. एकवीस वर्षं. ज्यांच्या निकालावर आपण दोन मिनिटांत हिशेब करतो, त्यांची मुलं तो निकाल यायच्या आत मोठी झाली होती.

याच निकालात असं धरलंय की मृत माणूस अविवाहित असेल तर त्याच्या उत्पन्नातला निम्मा भाग त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा करायचा. पुढे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने हे कायम ठेवलं आणि भविष्यातल्या वाढीची टक्केवारीही ठरवून दिली. नियमाला कारण आहे, हिशेब कुठेतरी सारखा असायला हवा. पण हा नियम मुलाच्या आईला सांगावा लागतो. मी एकदा तो सांगितला, कॅल्क्युलेटर समोर ठेवून. "निम्मे त्याने स्वतःवर खर्च केले असते असं धरतात." त्या माऊलीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाहेरचा चहासुद्धा पीत नव्हता हो तो." मी पुढचा आकडा बोलू शकले नाही. ती निघून गेली आणि पुढच्या दोन तारखांना आलीच नाही.

चूक माझी होती. आकडा खोटा नव्हता, सांगायची वेळ आणि तऱ्हा चुकली. अण्णा तिच्याकडे गेले तेव्हा त्यांनी आकड्याचा विषय काढलाच नाही. मुलगा कसा होता ते विचारलं. दोन तास ऐकलं. निघताना म्हणाले, "मावशी, कोर्टाला तुमचा मुलगा माहीत नाही. त्यांच्याकडे एक ठरलेली रीत आहे, सगळ्यांच्या मुलांना तीच लावतात. त्याच्यावरून तो कसा होता हे ठरत नाही." पुढच्या तारखेला मावशी आल्या. मी तेव्हापासून 'किंमत' हा शब्द ऑफिसात वापरू देत नाही. मुलाची किंमत, पायाची किंमत, असं कुणी बोललं की मी थांबवते. भरपाई म्हणायचं, रक्कम म्हणायचं.

साक्षीच्या आदल्या दिवशी अण्णा अशिलाला कोर्ट दाखवायला न्यायचे. साहेब इथे बसतात, आपण तिथे उभं राहायचं, खुर्ची मागितली तर मिळते, पाणी इथे आहे, स्वच्छतागृह त्या टोकाला. किती पायऱ्या आहेत तेही मोजून सांगायचे. ज्यांचे पाय मोडलेत त्यांच्या कामाचं दालन मी किती ठिकाणी वरच्या मजल्यावर बघितलंय! मग उलटतपासाबद्दल. समोरचे वकील विचारतील, आज चालत आलात ना? लोक घाबरून म्हणतात, नाही. इथेच काम बिघडतं, कारण साहेबांनी त्याला दारातून चालत येताना बघितलेलं असतं. अण्णा सांगायचे, "चालत आला असाल तर हो म्हणा. किती वेळ लागला आणि कुठे थांबलात ते विचारलं तर तेही खरं सांगा. दुखतंय तेवढंच दुखतंय म्हणा. जास्त नाही, आणि कमीही नाही." आपल्याकडे कमी सांगणारेच जास्त असतात, विशेषतः बाया आणि म्हातारी माणसं. "आता बरं आहे" ही त्यांना लागलेली सवय. ती सवय शपथपत्रात उतरली तर नुकसान होतं.

या धंद्याची दुसरी बाजूही आहे. दवाखान्याच्या दारात उभे राहणारे दलाल आहेत, गाडी नसलेल्या अपघातात गाडी घुसवणारे आहेत, वसुलीतला हिस्सा ठरवून कोऱ्या कागदावर सह्या घेणारे आहेत. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवू नये, रकमेत वाटा घेऊ नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. १९५४ साली तर मुंबईतल्या एका ज्येष्ठ वकिलांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार केला म्हणून. पण अडलेल्या माणसाला हा नियम सांगणार कोण? ऑफिसात पहिल्यांदा त्याच्याशी बोलतो तो कारकून. तो जर म्हणाला की टक्क्याची भाषा इथे नाही, तरच तो नियम जिवंत.

तडजोडीचंही तसंच. लोकअदालतीची तारीख जवळ आली की विमा कंपनीकडून रक्कम पुढे येते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४ खाली, चूक कुणाची हे सिद्ध न करता, मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळण्याची सोय झाली. ज्याच्या घरात चूल थंड आहे त्याला ते पैसे आज हवे असतात आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो, हे त्याला सही करण्याआधी, त्याच्या भाषेत, घरच्यांसमोर सांगायला हवं. आमच्याकडे नियम आहे, त्याच दिवशी सही घ्यायची नाही. घरी जा, जेवा, झोपा, उद्या या.

आणि मग पैसे. लोकांना वाटतं निकाल लागला की गोष्ट संपली. १९९३ च्या सुसम्मा थॉमस निकालापासून अज्ञान मुलांची आणि निरक्षर अर्जदारांची रक्कम बँकेत मुदतठेवीत ठेवण्याची रीत आहे. ती चांगली रीत आहे. विधवेच्या हातात एकदम रक्कम आली की कुठले कुठले दीर आणि भाऊ उगवतात ते मी बघितलंय. पण ठेव ठेवली हे दहा वर्षांनी आठवणार कुणाला? आई दुसरीकडे राहायला गेली, वकील वारले, ऑफिस बंद पडलं, मुलगा मोठा झाला आणि त्याला माहीतच नाही की आपल्या नावावर काही आहे. न्यायाधिकरणांत अशी न नेलेली रक्कम पडून आहे, हे गुजरातमधल्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी ई-मेलने कळवलं आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एप्रिल २०२५ मध्ये निर्देश आले, अर्जातच पूर्ण पत्ता, आधार, बँक खातं यांचा तपशील घ्या आणि न आलेल्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने शोधा.

मी तो आदेश वाचून कपाटातल्या वहीकडे बघत बसले. तीन फोन नंबर.

ज्यांच्यावर हे सगळं उभं आहे त्यांच्यासाठी आपण काय केलंय? आमच्या ऑफिसात टायपिंगला एक मुलगी आहे. शवविच्छेदनाचे अहवाल तीच टाइप करते, लहान मुलांचेसुद्धा. एकदा ती दुपारी डबा न खाता तशीच बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, त्या अहवालात फ्रॉकचा रंग लिहिलाय. माझ्या मुलीचा तसाच आहे. पोलीस, डॉक्टर, परिचारिका यांच्या मनावर काय होतं यावर आता बोललं जातं. या मुलीबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. केरळने २००३ साली वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचा कायदा केला, पश्चिम बंगालमध्ये १९९७ चा लॉ क्लार्क कायदा आहे. महाराष्ट्रातल्या बार असोसिएशनांनी हा विषय हातात धरावा, असं मी या व्यासपीठावरून आग्रहाने सांगते. अण्णांना निवृत्तिवेतन नव्हतं. शेवटच्या आजारपणात त्यांची औषधाची बिलं त्यांच्याच पद्धतीने, झेरॉक्सला टाचून, त्यांच्या सुनेने ठेवली होती. ती सादर करायला मात्र कुठलीच कचेरी नव्हती.

ते गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मी ती वही पहिल्या पानापासून वाचली. काही पानांवर लाल रेघ, म्हणजे रक्कम मिळाली. काही पानांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पुढच्या सालच्या नोंदी. एका पानावर होतं, "मुलगा लहान. अठरा पूर्ण झाले की ठेव. फोन करणे." सालही लिहिलेलं. ते साल उलटून दोन वर्षं झाली होती. तेव्हा अण्णा अंथरुणाला खिळलेले.

पहिला नंबर बंद. दुसरा लागला, पण माणूस भलताच निघाला. तिसरा पिठाच्या गिरणीचा. गिरणीवाल्याच्या नातवाने उचलला, म्हणाला, ती मंडळी आता इथे नाहीत, पण मुलाचा मोबाइल आहे माझ्याकडे. मी मुलाला फोन केला. पुण्यात एका गॅरेजमध्ये काम करतो. वडिलांचा अपघात झाला तेव्हा तो चार वर्षांचा होता. ठेवीचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, फोनवरून फसवणारी कुणीतरी आहे, आणि त्याचं वाटणं साहजिक होतं. मी म्हटलं, आईला विचार, साताऱ्याचे अण्णा आठवतात का.

दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. आवाज बदललेला. "कधी येऊ?"

मंगळवारी ये म्हटलं. आधार कार्ड, पासबुक, जन्माचा दाखला, दोन फोटो. आणि आईलाही बरोबर आण.